काट्याला न कळलेली भूक

दिवाळीच्या फराळाला घर जमले की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. एका मुलीला मावशी म्हणते, "काय ग, किती वाळलीस!" दुसरीला आत्या म्हणते, "आता लाडू पुरे हं!" दोन्ही वाक्ये मायेचीच, परंतु माणसाचे आरोग्य वजनाच्या काट्यावर वाचता येते, ही समजूत दोहोंच्या मुळाशी आहे. ती किती अपुरी आहे, याला इतिहासाची साक्ष आहे.

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा युरोपात लाखो माणसे उपाशी होती. त्यांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे शास्त्राला नीटसे ठाऊक नव्हते. म्हणून नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने एक प्रयोग आरंभिला. सदसद्विवेकाला स्मरून शस्त्र धरण्यास नकार देणारे ३६ तरुण आपण होऊन पुढे आले. शरीराने व मनाने धडधाकट अशांचीच ही निवड होती. विद्यापीठाच्या फुटबॉल क्रीडागाराच्या पोटात त्यांचे बिऱ्हाड पडले. पहिले १२ आठवडे पोटभर जेवण आणि पुढचे २४ आठवडे त्याच्या निम्मे: पाव, बटाटे, सलगम, कोबी. आठवड्याला २२ मैल चालणे मात्र चुकत नसे.

वजने सुमारे चतुर्थांशाने घटली. नाडीचे ठोके मिनिटाला सरासरी ५५ होते, ते ३५ वर आले. पण खरे आश्चर्य मनाचे होते. हे तरुण ताटल्या चाटू लागले, घास घास रेंगाळत खाऊ लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले. हसणे-खेळणे आटले, चिडचिड वाढली. अन्नाचा ध्यास ही मनाची लहर नसते, उपाशी शरीरच तो लावते, हे येथे उघड झाले.

पुढे अन्न वाढले, तरी भूक हटेना. काहीजण पोट फुटेपर्यंत जेवत आणि अतृप्तच उठत. गेलेले मांस भरून येण्याआधी चरबी परतली, आणि पूर्वीहून अधिक परतली. २००३-०४ मध्ये त्यांतल्या १८ वृद्धांच्या मुलाखती झाल्या. पूर्ववत व्हायला कोणी दोन महिने सांगितले, कोणी दोन वर्षे!

युद्ध नाही, दुष्काळ नाही, भरल्या घरात मूल उपाशी राहते, हा आजार मात्र याहून जुना. १८७३ साली लंडनचे सर विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या दोघांनी तो स्वतंत्रपणे वर्णिला. त्याचे ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव गल यांचे. १९७९ मध्ये जेरल्ड रसेल यांनी बुलिमिया नर्व्होसाचे वर्णन केले. त्यात अधाशासारखे खाणे आणि मग ओकून टाकणे असे चक्र चालते. वजन पुष्कळदा चारचौघांसारखेच असते! काट्याला काही कळत नाही, आणि आत हृदयाला लागणारे क्षार घटत असतात, दात झिजत असतात. वाढत्या वयातल्या उपासमारीने हाडे ठिसूळ झाली, तर ती उणीव पुढे पुरती भरून येईलच असे नाही.

गंमत अशी, की उंची-वजनाच्या ज्या गुणोत्तराने आज सारे जग मोजले जाते, त्याला १९७२ मध्ये 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले ते याच कीज यांनी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन या दोघांचा हा आकडा एकच, २२.३. पण चरबी एकाची २१.२ टक्के, दुसऱ्याची ९.१! २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचे छायाचित्र छापून आले. अंगावर न दिसणारी चरबी आपल्याकडील मधुमेहाशी निगडित आहे. तेव्हा वजन निरर्थक नव्हे. ते एकटे पुरेसे नाही, इतकेच.

घरच्या माणसांपाशी आर्जव आणि धमकी हे दोनच उपाय असतात, आणि दोन्ही थकतात, असे लासेग यांनी तेव्हाच नोंदले होते. म्हणून पंक्तीत कोणाच्या अंगलटीवर बोलू नये. मूल जेवण चुकवू लागले, लपवून खाऊ लागले, जेवून लगेच न्हाणीघर गाठू लागले, तर रागे न भरता त्याला डॉक्टरांकडे न्यावे. लवकर उपचार झाले तर माणसे बरी होतात. वेळ लागतो; मिनेसोटाच्या धडधाकट तरुणांनाही लागला होता.