तंत्र : कुणाच्या मागावरचा शब्द?

'तंत्र' म्हटलं की आपल्या पोरांना एक तर तंत्रनिकेतन आठवतं, नाही तर लिंबू-मिरचीवाला मांत्रिक. पण गावाकडची म्हातारी माणसं बोलतात, 'पाटलाचं तंत्र सांभाळावं लागतं', 'तो सासऱ्याच्या तंत्रानं चालतो.' म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीनं. मी हा शब्द उसवून बघितला. आत विणकर निघाला.

संस्कृतात 'तन्' म्हणजे ताणणं. ज्यावर ताणायचं ते तंत्र. म्हणजे माग, आणि मागावरचा उभा ताणाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात हा शब्द विणकामाचाच आहे. तंतू, ताणा, ताण ही त्याचीच भावंडं. पुढं ताणा लावायच्या रीतीवरून कुठलीही रीत 'तंत्र' झाली, मग शास्त्र, मग पोथी, मग राज्यकारभार. पंचतंत्र, राजतंत्र. शब्द पंडितांच्या आळीत राहायला गेला. 'सूत्र'ही तसंच. साधा सुताचा दोरा, ब्रह्मसूत्र होऊन बसला.

आणि विणणारा? पालीत त्याला पेसकार म्हणतात, तंतवायही म्हणतात. विनयपिटकात हीन समजल्या जाणाऱ्या धंद्यांची नावं आलीत : बुरूड, कुंभार, विणकर, चांभार, न्हावी. दोस्तहो, ती कशासाठी आलीत ते ध्यानात घ्या. भिक्खूनं भिक्खूला जातीवरून, धंद्यावरून टोचून बोलू नये, बोलला तर दोष लागेल, या नियमात ती आहेत. संघात नियम करावा लागला, तर संघाबाहेर विणकराला काय काय ऐकावं लागत असेल!

आता 'स्वतंत्र' फोडा. कोशात अर्थ मिळतो, स्वतःच्या तंत्रानं चालणारा. मी मुळाशी जाऊन वाचतो, ज्याचा माग स्वतःचा तो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बाईला जे नाकारलंय ते हेच, याच शब्दात. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ती जाळली. चार महिन्यांनी, एप्रिल १९२८ मध्ये, मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, आणि बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना विचारलं, साळखात्याचं काय?

साळखातं म्हणजे विणाईचं खातं. तिथं कमाई जास्त, आणि अस्पृश्याला बंदी. कारण धोटा. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. तोच धोटा उद्या दुसऱ्याच्या तोंडाला. लँकेशायरमध्ये या चालीवर ओरड झाली ती रोग पसरतो म्हणून. इथं ओरड विटाळाची. माझा आजा एका गिरणीत रिंगखात्यात होता. त्याच्या बोटांखालून गेलेलंच सूत साळखात्यातला सवर्ण तोंडानं ओढायचा. त्या सुताला विटाळ नव्हता, कारण ते आज्याचं म्हणून कुणी ओळखत नव्हतं!

ही बंदी राखत होते सवर्ण कामगारच. लाल बावट्याखालचे. सगळ्या खात्यांत काम करायचा हक्क मागण्यांत घाला, नाही तर आमचे लोक संपात राहणार नाहीत, असं बाबासाहेबांनी बजावल्यावर मागणी घातली गेली, तीही नाखुशीनं. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. त्यामागं गिरणीतला हा धोटा आहे असं मला वाटतं.

आणखी एक. नागपूर-भंडाऱ्याकडं आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या जाडंभरडं कापड विणत. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात महारांचा हा धंदा नोंदलाय. ज्याच्या घरात माग, त्याला मुंबईत मागाजवळ मज्जाव.

१९८२ च्या संपानंतर लालबाग-परळच्या गिरण्या एकेक करून गेल्या. आता बिनधोट्याचे मागही आलेत. साचा, कांडी, फणी, पांजण हे शब्द बोलणारी माणसं थोडी उरलीत. तुमच्या वस्तीत कुणी असलं तर जाऊन बसा त्यांच्याजवळ. शब्द लिहून घ्या, आणि ते कुठल्या खात्यात होते तेही विचारा. पुढच्या अंकासाठी धाडा.