माळ रिकामा नसतो

तर झालं असं की, मध्यंतरी ऑफिसात 'एक दिवस निसर्गासाठी' अशी टूम निघाली. मी लगेच हात वर केला! माझं आजोळ चकलांबा, बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं. गावाबाहेरच्या गायरानावर पाचशे झाडं लावू, असं ठोकून दिलं. मग मामाला फोन केला, "मामा, तो रिकामा माळ आहे ना..."

"रिकामा कुठंय रे?" मामा म्हणाला.

झालं. सगळा विकांत त्या एका वाक्यात गेला.

माझ्या उत्साहाचं मूळ होतं पालवणला. बीड शहरालगतच्या या उघड्या डोंगरावर वनखातं, अभिनेते सयाजी शिंदे आणि लोक यांनी मिळून 'सह्याद्री देवराई' उभी केली. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथे वृक्षसंमेलन भरलं, त्याचं अध्यक्षपद चक्क वडाच्या झाडाला दिलं होतं! मी ती देवराई पाहिलीय आणि मला ती मनापासून आवडते. म्हटलं, असंच आपल्या गावात का नको?

पण जुनी देवराई कोणी 'लावली' नव्हती. तिथला नियम एवढाच, की देवाच्या रानाला हात लावायचा नाही. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा एरवी जंगल तुटलेलं असताना या राया टिकलेल्या दिसल्या. राखणं हीच तिथली सगळी मेहनत. मी मात्र खड्डे खणायच्या गोष्टी करत होतो.

मग 'रिकामा' हा शब्द आला कुठून? माझ्या मते महसुलाच्या कागदातून. ज्या जमिनीतून सारा मिळतो ती कामाची, बाकीची 'पडीक'. 1948 पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं. राज्य बदललं, पण जमिनीकडे बघायची ही नजर राहिली. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' आजही लिहितात. महाराष्ट्रात 1982 मध्ये सामाजिक वनीकरण खातं आलं, केंद्रात 1985 मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ. हेतू चांगलाच होता. 1972 चा दुष्काळ लोक विसरले नव्हते, सरपण आणि चारा हवाच होता. पण झाडं नाहीत म्हणजे जमीन बिघडलीय, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं.

आमच्या धंद्यातही हेच चालतं. जुना कोड दिसला, कळला नाही, उडवला. रात्री दोनला कळतं तो काय करत होता :)

मराठवाड्यातला असा माळ काय करतो? पावसाच्या तोंडावर पावशा 'पेरते व्हा' म्हणून ओरडतो. मागोमाग चातक येतो, थेट आफ्रिकेकडून, आणि अंडी घालतो बिचाऱ्या सातभाईंच्या घरट्यात. चंडोलाचं घरटं जमिनीवर, गवताच्या आडोशाला. थंडीत मध्य आशियातून भोवत्ये येतात. दिवसभर गवतावरून घिरट्या घालणारे हे शिकारी पक्षी रात्री झाडावर नाही, गवतात भुईवरच झोपतात. गर्द झाडी केली तर ते उतरणार कुठे? आणि मामाच्या शेळ्या?

सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजचा माळ आठवा. माळढोकासाठी 1979 मध्ये तिथलं अभयारण्य जाहीर झालं. आज तिथे माळढोक दिसणं म्हणजे नशीबच. उघडं गवताळ रान हे त्याचं घर, आणि तेच आक्रसत गेलं. याउलट पाटोदा तालुक्यातल्या नायगावला 1994 पासून मोरांसाठी अभयारण्य आहे. मोराला झुडपं आणि झाडं लागतात, माळढोकाला मोकळं रान. एकच औषध दोघांना कसं चालेल?

सोमवारी ऑफिसात बेत बदलून मांडला. झाडं चाळीसच, वड, पिंपळ, कडुनिंब, तीही शाळेजवळ आणि रस्त्याकडेला. गायरान तसंच ठेवायचं, फक्त उन्हाळ्यात वणवा लागू नये म्हणून जाळरेषा काढायची. आणि चाळीस झाडांना तीन उन्हाळे पाणी. 'एक दिवस' वाली मंडळी जरा हिरमुसली. फोटोत गवत फारसं उठून दिसत नाही ना!

मामाला कळवलं. तो म्हणाला, "चाळीस जगवा, मग बोलू."

असो. पहिला उन्हाळा यायचाय अजून.