कल्पित विमान-प्रतिकृती

कल्पित विमान-प्रतिकृती : प्रत्यक्षात कधीही न बनलेल्या, परंतु इतिहासातील एखादा निर्णय वेगळा झाला असता तर बनू शकल्या असत्या अशा विमानांच्या लघुप्रमाणातील प्रतिकृती. बाजारात मिळणाऱ्या दोन किंवा अधिक जुळणी-संचांचे भाग एकत्र करून त्या तयार करतात. एका विमानाचे धड, दुसऱ्याचे पंख व तिसऱ्याचे पुच्छ घेऊन चौथेच विमान घडविणे हे या छंदाचे बाह्य स्वरूप होय. ‘असे झाले असते तर काय?’ या प्रश्नाला वस्तुरूपाने उत्तर देणे हा त्याचा गाभा आहे. नेहमीच्या प्रतिकृतीत मूळ विमानाशी साम्य ही कसोटी असते. कल्पित प्रतिकृतीला मूळ नसल्यामुळे संभाव्यता ही तिची कसोटी ठरते.

साधने व प्रमाण : निरनिराळ्या संचांचे भाग एकमेकांशी जुळतात, याचे कारण प्रमाणांची एकवाक्यता हे आहे. इंग्लंडमध्ये 1932 साली निघालेल्या ‘स्कायबर्ड्स’ या लाकडी संचांनी 1:72 हे प्रमाण रूढ केले. त्यात विमानाचे सहा फूट प्रतिकृतीत एक इंच होतात. 1936 मध्ये ‘फ्रॉग’ या नावाने विक्री करणाऱ्या उत्पादकांनी ‘पेंग्विन’ मालिकेत याच प्रमाणाचे प्लॅस्टिकचे संच आणले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची व स्वपक्षाची विमाने दुरून ओळखण्याच्या शिक्षणासाठी प्रतिकृतींची निकड भासली. अमेरिकी नौदलाने 1942 मध्ये शालेय विद्यार्थ्यांकडून 1:72 प्रमाणाच्या पाच लाख प्रतिकृती करवून घेण्याची योजना आखली. युद्धोत्तर काळात पॉलिस्टायरीन हे स्वस्त प्लॅस्टिक आले. ते तापवून दाबाने पोलादी साच्यात भरण्याचे तंत्र प्रगत झाल्यावर हे संच शाळकरी मुलांच्याही आवाक्यात आले. एअरफिक्स या ब्रिटिश उत्पादकाचा स्पिटफायर विमानाचा संच 1953 मध्ये निघाला. 1:48, 1:32 व 1:144 ही प्रमाणेही पुढे प्रचारात आली.

पूर्वपीठिका : हाताशी असलेले भाग जुळवून नवी वस्तू करण्याची रीत खेळण्यांइतकीच जुनी आहे. पुरंदर व बारामती या भागांतील कऱ्हाटीसारख्या ज्वारीच्या मुलखात मुले धांड्यांतील मऊ गराचे तुकडे सालपटांनी व बाभळीच्या काट्यांनी जोडून गाड्या-बैल करीत आली आहेत. प्रत्यक्ष विमानांच्या बाबतीतही ही रीत अडचणीच्या वेळी अवलंबिली गेली. चीनमध्ये 1941 साली बाँबहल्ल्यात एका डीसी-3 प्रवासी विमानाचा उजवा पंख निकामी झाला. तेव्हा त्याला डीसी-2 या जुन्या विमानाचा, सुमारे पाच फूट तोकडा पंख जोडण्यात आला. या जोडविमानाने उड्डाणही केले व त्याला गमतीने ‘डीसी-अडीच’ असे नाव पडले. भारतात महायुद्धानंतर अमेरिकी लिबरेटर बाँबफेकी विमाने कानपूर येथे टाकून देण्यात आली होती. मोडतोड केलेल्या या विमानांतून हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीने चाळिसांहून अधिक विमाने पुन्हा उभी केली आणि ती भारतीय हवाई दलात 1968 पर्यंत वापरात राहिली.

चित्रपट-दूरचित्रवाणी क्षेत्रात संचांच्या मिश्रणाला वेगळी दिशा मिळाली. थंडरबर्ड्स (1965) ही ब्रिटिश मालिका व स्टार वॉर्स (1977) हा अमेरिकी चित्रपट यांतील यानांच्या पृष्ठभागावर रणगाडे, जहाजे व विमाने यांच्या संचांतील असंख्य भाग चिकटविलेले होते. तेथे उद्देश केवळ दृश्य परिणामाचा होता. कल्पित विमान-प्रतिकृतीत मात्र प्रत्येक भागाला काही कार्य असावे लागते.

विषय : आखली गेली परंतु सोडून देण्यात आली अशी विमाने हा या छंदाचा आवडता विषय आहे. कॅनडाच्या ॲव्ह्रो ॲरो या विमानाचे पहिले उड्डाण मार्च 1958 मध्ये झाले व फेब्रुवारी 1959 मध्ये ती योजना रद्द झाली. ब्रिटनचे टीएसआर-2 सप्टेंबर 1964 मध्ये उडाले व एप्रिल 1965 मध्ये सोडून देण्यात आले. ही विमाने सेवेत दाखल झाली असती तर त्यांवर कोणती चिन्हे, कोणते रंग व कोणती शस्त्रास्त्रे असती, हे प्रतिकृतिकार दाखवितो. जर्मनीत 1945 पर्यंत केवळ आराखड्यावर राहिलेल्या विमानांचाही मोठा वर्ग आहे. त्यांत कुर्ट टँक यांच्या चमूने आखलेले टीए-183 हे मागे वळलेल्या पंखांचे झोत-विमान विशेष प्रसिद्ध आहे. टँक यांनी पुढे अर्जेंटिनात, 1950 मध्ये प्रथम उडालेले, पुल्की-2 हे विमान तयार केले. त्यावर टीए-183 ची छाप स्पष्ट दिसते. 1956 मध्ये ते भारतात आले.

मारुत विमानाचे उदाहरण : भारतीय विमानविद्येच्या इतिहासात ‘असे झाले असते तर?’ हा प्रश्न एचएफ-24 मारुत या विमानाबाबत सर्वाधिक विचारला जातो. टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगलोर येथे आखलेल्या या विमानाची पूर्णाकृती लाकडी विनाएंजिन प्रतिकृती 1959 मध्ये डकोटा विमानामागे बांधून उडविण्यात आली. 17 जून 1961 रोजी सुरंजन दास यांनी मूळ विमानाचे पहिले उड्डाण केले. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे उद्दिष्ट डोळ्यांसमोर ठेवून त्याची आखणी झाली होती व त्यासाठी पश्चज्वलनाची (झोतनळीत पुन्हा इंधन जाळण्याची) सोय असलेले, सुमारे 3,700 किग्रॅ. रेट्याचे ऑर्फियस-12 हे ब्रिटिश एंजिन अभिप्रेत होते. या एंजिनाचा विकास अर्धवट थांबला. परिणामी पश्चज्वलन नसलेली, प्रत्येकी सुमारे 2,200 किग्रॅ. रेट्याची दोन ऑर्फियस-703 एंजिने बसवावी लागली आणि विमानाचा वेग ध्वनिवेगाच्या आसपासच राहिला. सोव्हिएट आरडी-9एफ एंजिनाचा विचार झाला. ईजिप्तमध्ये तयार होत असलेले ई-300 एंजिन 1967 मध्ये एका मारुत विमानात बसवून तेथे उडविण्यातही आले. यांपैकी काहीच फलद्रूप झाले नाही. पश्चज्वलनाची सोय केलेल्या मारुतच्या अपघातात 10 जानेवारी 1970 रोजी सुरंजन दास यांचा मृत्यू झाला. एकूण 147 मारुत बनले. 1971 च्या युद्धात लोंगेवाला येथे त्यांनी कामगिरी बजावली व 1990 मध्ये ती निवृत्त झाली.

याच काळात नाशिकजवळील ओझर येथे मिग-21 विमानांची निर्मिती सुरू झाली व त्यांची एंजिने ओरिसातील कोरापुट येथे होऊ लागली. त्यामुळे मारुतच्या धडात मिगचे एंजिन ही कल्पना प्रतिकृतिकाराला सहज सुचते. 1:72 प्रमाणात मारुत सुमारे 22 सेंमी. लांब व 12.5 सेंमी. रुंद होते. ऑर्फियसचा व्यास सुमारे 82 सेंमी., तर मिगच्या आर-11 एंजिनाचा सुमारे 91 सेंमी. आहे. प्रतिकृतीत हा फरक जेमतेम सव्वा मिमी. एवढाच भरतो. मिग-21 च्या संचातील झोतनळ्या मारुतच्या मागील भागात बसविण्यासाठी थोडे कानसकाम व थोडी लांबी पुरते.

कल्पनेची परीक्षा यापुढे सुरू होते. ऑर्फियस सुमारे 1.9 मी. लांब व 380 किग्रॅ. वजनाचे होते. आर-11 हे पश्चज्वलन भागासह सुमारे 4.6 मी. लांब असून त्याचे वजन 1,100 किग्रॅ.हून अधिक होते. दोन एंजिनांमुळे विमानाच्या मागील भागात सुमारे दीड टनाची भर पडली असती. मूळ विमानाचे रिकामे वजनच सुमारे 6,200 किग्रॅ. होते. गुरुत्वमध्य मागे सरकल्याने उड्डाणाचे स्थैर्य बिघडले असते. ते सावरण्यासाठी नाक लांबवावे लागले असते किंवा पंख मागे न्यावे लागले असते. एंजिनाला अधिक हवा लागत असल्यामुळे दोन्ही बाजूंची हवेची द्वारे रुंद करावी लागली असती आणि वाढत्या इंधनासाठी धडाचा घेर वाढवावा लागला असता. हे सर्व बदल प्रामाणिकपणे केल्यावर हाती येणारे विमान मारुत राहत नाही, ते नवेच विमान ठरते. ‘केवळ एंजिन मिळाले असते तर’ हे विधान किती अपुरे आहे, हे अशा प्रतिकृतीवरून दिसून येते. धड एका विशिष्ट एंजिनाभोवतीच आखले जाते. ते एंजिन परक्या देशाच्या निर्णयावर अवलंबून ठेवल्यास साऱ्या आखणीचे भवितव्यही त्या निर्णयाशी बांधले जाते.

कृती : प्रथम विमानाचा कल्पित इतिहास ठरवितात. कोणत्या वर्षी, कोणत्या देशाने, कोणत्या गरजेपोटी ते बनविले असते, हे निश्चित झाल्यावर संच निवडले जातात. चिकटविण्यापूर्वी भाग कोरडेच एकमेकांना लावून पाहतात. बारीक करवतीने कापलेल्या कडा आतून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी सांधतात, फटी लांबीने भरतात व पाणी लावून काचकागदाने घासतात. सर्व भागांवर एकच फिकट रंग दिला की सांध्यातील दोष उघडे पडतात व निरनिराळ्या संचांच्या खुणा पुसल्या जाऊन विमान एकसंध दिसू लागते. शेवटी रंगयोजना व पाण्यात भिजवून चिकटवावयाची चिन्हे येतात. ही चिन्हे त्या त्या काळातील हवाई दलाच्या प्रथेशी जुळावी लागतात.

कल्पना व पुरावा : कल्पित प्रतिकृतीची मर्यादा ती कल्पित आहे हे सांगितले जाण्यात आहे. अमेरिकेत टेस्टर्स या उत्पादकाने 1986 मध्ये रडारला न दिसणाऱ्या गुप्त विमानाचा ‘एफ-19’ या नावाचा संच काढला. त्याची प्रचंड विक्री झाली व गोलाकार कडांचे ते रूप अनेकांना खरेच वाटू लागले. 1988 मध्ये एफ-117 हे खरे विमान जाहीर झाले, तेव्हा ते सपाट पैलूंचे असल्याचे दिसून आले. अंदाज पुराव्याने तपासला गेला व वाद मिटला.

महाराष्ट्रातील एक उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. मुंबईतील शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे मानवरहित विमान उडविले, असे सांगितले जाते. अशा यशस्वी उड्डाणाचा समकालीन विश्वसनीय पुरावा उपलब्ध नाही. वैमानिक शास्त्र या ग्रंथातील विमानांची चित्रे 1923 मध्ये बंगलोर येथे काढली गेली. भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी 1974 मध्ये या ग्रंथाचे परीक्षण केले. त्यांना तो विसाव्या शतकाच्या आरंभीचा आढळला व त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तरीही या ग्रंथावरून बनविलेली चित्रे व प्रतिरूपे इतिहासाचा पुरावा म्हणून पुढे केली जातात. मुंबईत जानेवारी 2015 मध्ये भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवरील निबंधामुळे हा वाद पुन्हा उद्‌भवला. तळपदे यांच्या जिज्ञासेचे मोल त्यामुळे कमी होत नाही, परंतु जिज्ञासा व उड्डाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महत्त्व : कल्पित विमान-प्रतिकृती हा करमणुकीचा छंद असला, तरी त्यातून तंत्रविद्येच्या इतिहासाचे एक शिक्षण घडते. खरे विमान जसे बनले तसे का बनले, हे जाणल्याशिवाय न बनलेले विमान विश्वसनीय होत नाही. ज्याला मूळ मापे, वजने, तारखा व निर्णय ठाऊक आहेत, तोच त्यांत अर्थपूर्ण बदल करू शकतो. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात प्रदर्शनार्थ ठेवण्यात आलेले मारुत विमान आणि टेबलावरील कल्पित मारुत यांच्यातील अंतर मोजता येते. ते उघडपणे मोजू देणे हाच इतिहासाधिष्ठित कल्पना व दंतकथा यांच्यातील भेद होय.