एअर रायफलसाठी योग्य दुर्बिणीची निवड : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

बंदुकीचा इतिहास प्रामुख्याने दारूगोळ्याच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलीला त्यात दुय्यम स्थान मिळाले आणि तिच्यावर बसविल्या जाणाऱ्या नेमदुर्बिणीचा, म्हणजेच स्कोपचा, विचार त्याहूनही कमी झाला. एअर रायफल हे सौम्य शस्त्र असल्याने तिला कोणतीही साधी दुर्बीण चालते, असा समज सर्वत्र आढळतो. तंत्रज्ञानाच्या इतिहासाच्या आधारे हा समज तपासणे आणि योग्य निवडीचे निकष कसे घडत गेले ते स्पष्ट करणे, हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

नेमदुर्बिणीचा उगम :

इ. स. १६०८ मध्ये हॉलंडमधील मिडलबर्ग येथील चष्मे तयार करणाऱ्या हान्स लिपरशे याने दूरदर्शकाच्या एकाधिकारासाठी अर्ज केला. पुढच्याच वर्षी गॅलिलिओने हे साधन आकाशाकडे वळविले. मात्र गॅलिलिओच्या रचनेत नेत्रिका अंतर्गोल भिंगाची असल्याने नळीच्या आत प्रत्यक्ष प्रतिमा तयार होत नसे. परिणामी नेम धरण्याची खूण ठेवण्यास तेथे जागाच नव्हती. केप्लरने १६११ मध्ये बहिर्गोल नेत्रिकेची रचना मांडली आणि ही अडचण दूर झाली. १६४० च्या सुमारास विल्यम गॅस्कॉइन या इंग्रज खगोल अभ्यासकाने प्रतिमेच्या प्रतलात सूक्ष्म तंतू बसविला. आजच्या क्रॉसहेअरचे मूळ या प्रयोगात आहे. १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत त्याचा मृत्यू झाला आणि त्याचे कार्य दीर्घकाळ अज्ञात राहिले.

रायफलीवर दुर्बीण स्थिरावली ती एकोणिसाव्या शतकात. अमेरिकेत जॉन चॅपमन याने आपल्या ग्रंथात अशा दुर्बिणीचे वर्णन केले. १८५५ पासून न्यूयॉर्क राज्यातील विल्यम माल्कम याने रंगदोषरहित भिंगांच्या दुर्बिणी बनविल्या. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-६५) दक्षिणेकडील नेमबाजांनी व्हिटवर्थ रायफलीवर डेव्हिडसन दुर्बीण वापरली. तिचा जनक डेव्हिडसन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी होता, ही बाब महाराष्ट्रातील अभ्यासकांच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे.

हवेच्या रायफलीची स्वतंत्र वाटचाल :

ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास जिरांडोनीची हवेची रायफल स्वीकारली. तिच्या दस्त्यातच हवेची टाकी होती व ती हातपंपाने भरावी लागे. पुढे १९०४ मध्ये लिंकन जेफ्रीज याने बर्मिंगहॅममध्ये स्प्रिंगवर चालणाऱ्या रायफलीचे पेटंट घेतले व बीएसए या कंपनीने तिचे उत्पादन केले. या दोन्ही रायफली उघड्या नेमाच्या होत्या. हवेची रायफल आणि दुर्बीण यांचा व्यापक संयोग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच झाला आणि तेव्हा एक अनपेक्षित प्रश्न उभा राहिला.

उलट धक्क्याचा प्रश्न :

दारूच्या रायफलीचा धक्का मागे बसतो. तिच्या दुर्बिणीतील भिंगे व क्रॉसहेअर तोच धक्का सहन करतील अशा बेताने बसविलेली असत. स्प्रिंग रायफलीत मात्र दट्ट्या वेगाने पुढे जात असताना रायफल मागे ढकलली जाते आणि दट्ट्या नळीच्या टोकाशी थांबताच ती पुढे झेपावते. हा पुढचा हिसका अल्पकाळाचा पण तीव्र असतो. त्यामुळे मोठ्या शिकारी रायफलीवर वर्षानुवर्षे टिकणाऱ्या महागड्या दुर्बिणीही या ‘सौम्य’ शस्त्रावर निकामी होऊ लागल्या. क्रॉसहेअर तुटे, भिंगे सैल होत, दुर्बीण आपल्या पकडीतून मागे सरके. दोन्ही दिशांनी आधार दिलेली अंतर्रचना व दुर्बीण मागे सरकू न देणारी अडणी हे उपाय या अनुभवातून पुढे आले. शस्त्र जितके सौम्य, तितकी दुर्बीण साधी चालेल, हे गृहीतक येथे खोटे ठरते.

पराशय, विशालन आणि अंतर :

दुसरा निकष अंतराचा आहे. ब्रिटनमध्ये १९६९ च्या नियमांनी विनापरवाना एअर रायफलीची शक्ती १२ फूट-पौंडांपर्यंत मर्यादित केली. अशा रायफलीचा उपयोग साधारणतः ५० मीटरांच्या आतच होतो. शिकारी रायफलीची दुर्बीण मात्र बहुधा १०० यार्डांवर जुळविलेली असते. दहा-पंधरा मीटरांवरील लक्ष्याची प्रतिमा तिच्यात क्रॉसहेअरच्या प्रतलात पडत नाही. डोळा किंचित हलताच क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखा दिसतो. यालाच पराशय म्हणतात. म्हणून जवळच्या अंतरावर जुळविता येणारे वस्तुभिंग किंवा बाजूचे चक्र एअर रायफलीस आवश्यक ठरले. फील्ड टार्गेट या क्रीडाप्रकारात तर हेच चक्र अंतर मोजण्याचे साधन बनले.

विशालनाचा मोहही तपासून पाहावा लागतो. वस्तुभिंगाच्या व्यासास विशालनाने भागले असता डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. ४० मिलिमीटरच्या भिंगास ४ पट विशालन असता तो १० मिलिमीटर, तर १० पट असता केवळ ४ मिलिमीटर राहतो. विशालन वाढले की दृश्यक्षेत्र आकुंचन पावते आणि हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो.

भारतीय संदर्भ :

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकपासून १० मीटर एअर रायफल हा क्रीडाप्रकार समाविष्ट झाला. परंतु त्यात दुर्बिणीस मनाई असून छिद्रनेम वापरला जातो. २००० मध्ये सिडनी येथे अंतिम फेरी गाठणाऱ्या अंजली भागवत, २००४ मध्ये अथेन्सला तीच मजल मारणाऱ्या सुमा शिरूर आणि २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक मिळविणारे अभिनव बिंद्रा यांचे यश दुर्बिणीविना साधलेले आहे. म्हणून नवशिक्याने दुर्बीण घेण्यापूर्वी तिचे प्रयोजन निश्चित करणे अगत्याचे ठरते.

निष्कर्ष :

१. स्प्रिंग रायफलीसाठी दोन्ही दिशांचा धक्का सोसणारी दुर्बीणच योग्य होय. आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीत, म्हणजे जिरांडोनीच्याच तत्त्वात, हा धक्का अत्यल्प असल्याने ही अट शिथिल होते.

२. जवळच्या अंतरावरील पराशय दूर करण्याची सोय ही किमतीपेक्षा अधिक महत्त्वाची आहे.

३. विशालन अंतर व प्रकाश पाहून ठरवावे. अधिक म्हणजे उत्तम, असे नाही.

सारांश, साधनाची योग्यता त्याच्या किमतीवरून वा प्रतिष्ठेवरून ठरत नाही. ते ज्या शस्त्रावर बसवायचे त्याच्या स्वभावावरून ठरते, हेच या इतिहासावरून दिसून येते.