राजपद आणि उत्तरदायित्व : ठाणे जिल्हा व जव्हार संस्थानाच्या संदर्भात

प्रस्तावना

एखाद्या देशाने राजेशाही ठेवावी की रद्द करावी, हा प्रश्न आपल्याकडे निकालात निघालेला मानला जातो. शेजारच्या नेपाळचा अनुभव मात्र वेगळा आहे. तेथील संविधान सभेने २८ मे २००८ रोजी ५६० विरुद्ध ४ मतांनी सुमारे २४० वर्षांची राजेशाही संपुष्टात आणली. तरीही मार्च २०२५ मध्ये राजाला परत आणावे, या मागणीसाठी काठमांडूत मोठी निदर्शने झाली. लोकनियुक्त सरकारांविषयी निराशा वाढली की 'यापेक्षा राजा बरा होता' ही भावना डोके वर काढते. आपल्याकडील जुन्या संस्थानी गावांतूनही हे वाक्य अधूनमधून ऐकू येते. ते केवळ स्मरणरंजन आहे असे म्हणून बाजूला सारणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणारे नाही. ते तपासले पाहिजे.

या तपासणीसाठी ठाणे जिल्हा विशेष उपयुक्त आहे. ब्रिटिश काळात या एकाच जिल्ह्याच्या भौगोलिक सीमेत राजा असलेला आणि राजा नसलेला असे दोन प्रदेश शेजारी शेजारी नांदत होते. आजचा पालघर जिल्हा (स्थापना १ ऑगस्ट २०१४) तेव्हा ठाणे जिल्ह्याचाच भाग होता, हे येथे लक्षात ठेवावे. राजपद असणे वा नसणे यापेक्षा सत्ता कोणाला उत्तरदायी आहे, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे आणि या कसोटीवर राजपद रद्द होणे आवश्यक असले तरी पुरेसे नव्हते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

एक जिल्हा, दोन व्यवस्था

ठाण्याचा किल्ला व साष्टी इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस घेतली. सालबाईच्या तहाने (१७८२) कल्याण व वसई मराठ्यांकडे परत आली. परंतु जून १८१७ च्या पुणे तहाने उत्तर कोकण कायमचे कंपनीकडे गेले. तेव्हापासून कल्याण, भिवंडी, डहाणू हा सारा मुलूख खालसा, म्हणजे थेट ब्रिटिश अमलाखालचा होता. त्याच्या मध्यभागी जव्हारचे मुकणे घराण्याचे संस्थान टिकून राहिले. इंपीरियल गॅझेटियरनुसार त्याचे क्षेत्रफळ ३१० चौरस मैल होते, तर १९०१ च्या जनगणनेत लोकसंख्या ४७,५३८ होती. मुकणे हे महादेव कोळी समाजाचे. आदिवासी समाजातील राजघराणे म्हणून जव्हारचे महत्त्व वेगळेच आहे.

घराण्याच्या उदयाची आख्यायिका बोलकी आहे. मूळ पुरुष जयबा मुकणे याने वारली प्रमुखाकडे बैलाच्या कातड्याखाली मावेल एवढीच जमीन मागितली. होकार मिळताच त्याने कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी मोठा प्रदेश वेढला. अशी कथा इतर देशांतही सांगितली जाते, त्यामुळे तिला घटना मानता येत नाही. मात्र राजाच्या आधी ही भूमी वारल्यांची होती, याची कबुली राजघराण्याच्या कथेतच आहे, ही बाब महत्त्वाची आहे. पुढील इतिहासही राजपदाच्या मर्यादा दाखवतो. १६७२ मध्ये मराठ्यांनी जव्हार घेतले. पुढे पेशव्यांच्या व नंतर इंग्रजांच्या छायेत संस्थान राहिले. जव्हारचा राजा प्रजेला उत्तरदायी नव्हता. मात्र वरिष्ठ सत्तेला तो नेहमीच उत्तरदायी होता.

आता खालसा मुलखाकडे वळू. तेथे राजा नव्हता, कायदा होता, न्यायालये होती, कलेक्टर होता. असे असूनही उंबरगाव व डहाणू तालुक्यांत जमीनदार आणि जंगल ठेकेदार वारल्यांकडून वेठबिगार घेत. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनी सावकाराच्या घरी राबायचे, ही 'लग्नगडी' पद्धत तेथे रूढ होती. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळच्या टिटवाळ्यास महाराष्ट्रातील किसान सभेची परिषद भरली. तेथे आलेल्या वारल्यांनी आपली गाऱ्हाणी मांडली आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात माणसे मृत्युमुखी पडली.

या घटनेतून निघणारा निष्कर्ष दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे. राजा हटला की दास्य हटते, असे म्हणावे तर खालसा मुलखात राजा नसतानाच वेठ होती. राजा हा प्रजेचा आधार होता, असे म्हणावे तर वारल्यांची सुटका कोणाच्या कृपेने झाली नाही. ती त्यांच्या संघटनेने झाली.

चांगल्या राजाचा युक्तिवाद

राजेशाहीच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद मराठी माणसाच्या परिचयाचा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. याउलट ब्रिटिश हिंदुस्थानात गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात संमत होऊ शकले नाही. एका राजाची इच्छाशक्ती जे करू शकली, ते कायदेमंडळाला जमले नाही, हे सत्य नाकारण्याचे कारण नाही.

तथापि दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, ते कायदेमंडळ सरकारनियुक्त सभासदांच्या बहुमताचे होते. त्याचे अपयश हे लोकशाहीचे अपयश ठरत नाही. दुसरी, चांगला राजा हा जन्माचा योगायोग असतो. एकाने काढलेला हुकूम दुसरा रद्द करू शकतो आणि त्याला जाब विचारण्याचे साधन प्रजेच्या हाती नसते. शाहू महाराजांनी सुरू केलेले धोरण देशभर टिकले, ते संविधानात आल्यामुळे. राजहुकूम म्हणून ते एका संस्थानापुरतेच राहिले असते.

औंधचा प्रयोग

हे मर्म एका राजानेच ओळखले होते. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ च्या अखेरीस सत्ता प्रजेकडे सोपविण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामागे त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांची प्रेरणा होती. महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली राज्यघटना २१ जानेवारी १९३९ रोजी लागू झाली. ग्रामपंचायत हा तिचा पाया होता. इतर अनेक संस्थानांत प्रजा परिषदांना जबाबदार राज्यपद्धतीसाठी झगडावे लागत असताना येथे राजाने आपण होऊन अधिकार सोडले. औंधचे महत्त्व राजाच्या औदार्यात जेवढे आहे, त्याहून अधिक त्या घटनेच्या रचनेत आहे. तिने सत्ता सिंहासनाकडून केवळ राजधानीतील सभागृहाकडे न नेता थेट गावापर्यंत पोहोचवली.

विलीनीकरण ते तनखेबंदी

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. त्याच वर्षी जव्हार ठाणे जिल्ह्यात समाविष्ट झाले. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी विलीन झाले. सत्ता सोडण्याच्या मोबदल्यात संस्थानिकांना तनखे मिळाले. सर्वसाधारण सूत्र असे होते : वार्षिक उत्पन्नाच्या पहिल्या एका लाखावर १५ टक्के, पुढील चार लाखांवर १० टक्के आणि पाच लाखांपुढील रकमेवर साडेसात टक्के. म्हणजे पाच लाख उत्पन्नाच्या संस्थानिकाला वर्षाला ५५ हजार रुपये. या तनख्यांना संविधानाच्या अनुच्छेद २९१ ने, तर विशेषाधिकारांना अनुच्छेद ३६२ ने हमी दिली.

राज्य गेले, पण मान्यताप्राप्त 'राजा' ही संज्ञा उरली. १९७० मध्ये तनखेबंदीचे विधेयक लोकसभेत संमत झाले. राज्यसभेत मात्र दोन-तृतीयांश बहुमत एका मताहूनही कमी फरकाने हुकले. त्यानंतर राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढण्यात आली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांच्या याचिकेवर १५ डिसेंबर १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्दबातल ठरवला. अखेर सव्विसाव्या घटनादुरुस्तीने डिसेंबर १९७१ मध्ये तनखे व मान्यता दोन्ही संपले. दिलेले वचन मोडणे नीतीला धरून होते काय, हा आक्षेप त्या वेळी घेतला गेला व तो वजनदार होता. परंतु एका पिढीने केलेला करार पुढील सर्व पिढ्यांना जन्मसिद्ध विषमता सांभाळण्यास बांधील करू शकत नाही, हे उत्तर अधिक टिकाऊ वाटते.

जव्हारचे अखेरचे अधिपती यशवंतराव मुकणे विलीनीकरणानंतर काँग्रेसच्या वतीने लोकसभेवर निवडून गेले. जन्माने मिळालेल्या गादीऐवजी मुदतबंद जागेसाठी मतदारांपुढे उभे राहणे, हे राजपद संपल्याचे कोणत्याही कलमापेक्षा स्पष्ट चिन्ह होते.

मात्र येथेच थांबता येत नाही. १९९२ मध्ये याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली. विलीनीकरणाला तेव्हा ४४ वर्षे झाली होती. राजा नव्हता, लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि योजना होत्या. 'राजा बरा होता' या वाक्याला बळ मिळते ते अशा ठिकाणी.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी दिसून येतात. एक, राजपद रद्द करण्याचे समर्थन राजे वाईट होते यावर आधारू नये. शाहू व सयाजीरावांची उदाहरणे ते खोडून काढतात. चांगल्या राजालाही जाब विचारता येत नाही, हेच खरे कारण आहे. दोन, सिंहासन गेल्याने खालची सत्ता आपोआप बदलत नाही. उंबरगाव-डहाणूच्या खालसा मुलखाने हे १९४५ मध्ये दाखवले. तीन, सत्ता गावापर्यंत नेण्याचे औंधचे सूत्र आदिवासी भागासाठी कायद्यात येण्यास १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांची वाट पाहावी लागली.

वावर-वांगणीनंतर विधिमंडळात, न्यायालयात आणि वृत्तपत्रांत शासनाला प्रश्न विचारले गेले. मुलांचे प्राण त्याने परत आले नाहीत. परंतु प्रश्न विचारणाऱ्याला कोणाची कृपा मागावी लागली नाही. हा हक्क वापरला गेला नाही तर राजेशाही आणि प्रजासत्ताक यांतील अंतर केवळ नावापुरते उरेल. बैलाच्या कातड्याच्या वाद्यांनी वेढलेली ती भूमी आता कायद्याने ग्रामसभेची आहे. ती व्यवहारातही तिची व्हावी, यातच राजपद रद्द करण्याचे सार्थक आहे.