विजेचा दुसरा धक्का

१७७५ साली आनंदवल्लीच्या राघोबादादांनी सुरतेस इंग्रजांशी तह केला, हे आपण शाळेत शिकलो. त्याच वर्षी डेन्मार्कमधील आबिल्डगार्ड नावाच्या पशुवैद्याने कोंबड्यांवरील विजेच्या प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, हे मात्र आपल्याला कोणी सांगितले नाही. डोक्यावर धक्का दिला की कोंबडी मेल्यासारखी पडे. छातीवर दुसरा दिला की उठे. हा छळ सोसूनही एका कोंबडीने पुढे अंडे घातले, अशी नोंद त्याने करून ठेविली आहे. तहाने काय साधले ते सर्वश्रुत आहे. कोंबडीने काय साधले ते कळायला जगाला पावणेदोनशे वर्षे लागली.

हृदयक्रिया अकस्मात बंद पडते तेव्हा पुष्कळदा हृदय निश्चल झालेले नसते. त्याचे तंतू आपापल्या मनाने थरथरत असतात. आपल्या नाशिक ढोलाच्या पथकात प्रत्येकाने स्वतःचाच ठेका धरला, तर आवाज होईल पण ताल उरणार नाही, तसेच हे. विजेचा धक्का सारा गोंधळ क्षणभर थांबवितो आणि मूळ ठेक्याला पुन्हा अवसर मिळतो. यालाच डिफिब्रिलेशन म्हणतात. मात्र छाती दाबून रक्त खेळते ठेवणारे कोणी जवळ नसेल, तर सरणाऱ्या प्रत्येक मिनिटामागे वाचण्याची आशा सात ते दहा टक्क्यांनी घटते.

१९४७ साली क्लीव्हलंडच्या डॉ. क्लॉड बेक यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाचे हृदय अशा धक्क्याने पुन्हा चालविले. पण तेव्हा छाती शस्त्रक्रियेसाठी उघडलेलीच होती. छाती न उघडता हे साधले ते १९५६ साली, बोस्टनच्या डॉ. झोल यांना. रोग्याने मात्र यंत्रापर्यंत जिवंत पोहोचले पाहिजे, ही अट कायमच राहिली. ती उलटविली बेलफास्टच्या डॉ. पॅन्ट्रिज यांनी. १९६६ साली त्यांनी यंत्रच गाडीत घालून रोग्याकडे नेले. त्याचे वजन सुमारे सत्तर किलो, म्हणजे एका माणसाला वाचवायला दुसऱ्या माणसाइतके ओझे! दोन वर्षांत ते तीन किलोंवर आले.

पुढे यंत्राला बुद्धी आली. हृदयाची लय तपासून धक्का द्यायचा की नाही, हे ते स्वतःच ठरवू लागले. १९९९ साली शिकागोच्या विमानतळांवर अशी यंत्रे झपाझप चालत मिनिट-दीड मिनिटात गाठता येतील एवढ्या अंतरावर भिंतींना लावली. दोन वर्षांत थरथरत्या हृदयाचे अठरा रोगी तेथे कोसळले, त्यांतले अकरा वाचले. या अकरांपैकी सहाजणांना वाचविणाऱ्यांनी ते यंत्र चालविण्याचे शिक्षण कधीच घेतले नव्हते. त्यांतले तिघे वैद्यकीचे पदवीधर होते, एवढेच. उरलेल्यांना पदवीचाही आधार नव्हता.

महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका सुरू झाल्या. त्यांतील २३३ प्रगत प्रकारच्या, डिफिब्रिलेटर असलेल्या. पाऊल मोठेच होते. पण सिंहस्थातल्या पर्वणीला रामकुंडाकडे उतरणाऱ्या गल्ल्यांतून रुग्णवाहिका किती मिनिटांत येईल, हे नाशिककराला सांगायला नको. त्या मिनिटांत जे घडायचे ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातून.

एका कचेरीत मी हे यंत्र पाहिले. काचेच्या कपाटात होते, कपाटाला कुलूप होते, आणि किल्ली असलेले गृहस्थ रजेवर होते. असो. आपली व्याख्यानमाला १९२२ पासूनची. ऐकणाऱ्यांत केस पिकलेली मंडळी बरीच. यशवंतराव महाराज पटांगणावर ध्वनिक्षेपक कोठे, पाणी कोठे, हे त्यांना पाठ असते. यंत्र कोठे, हेही पाठ हवे. कपाट उघडे हवे, आणि छाती दाबायला शिकलेली दोन मुले रोज संध्याकाळी पहिल्या रांगेच्या कडेला बसलेली हवीत.