कचेरीची बैठक

राज्यें कशीं मिळविलीं गेलीं ह्याचा इतिहास आपण आवडीनें वाचतों. परंतु मिळालेलीं राज्यें ज्या बैठकीवर बसून चालविलीं गेलीं तिचा इतिहास लिहावा असें फारसें कोणास वाटत नाहीं. पानिपतावर कोणाची फौज कोणत्या अंगास उभी होती हें आपल्या मुलांस पाठ असतें. पण त्या मोहिमेचा खर्च ज्यानें लिहून ठेवला तो कारकून कोठें बसत असे, त्याला उजेड कोठून मिळे, त्याचे कागद कोठें राहत, असें विचारणारा विद्यार्थी माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनांत मला भेटलेला नाहीं. वास्तविक हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत जीं मध्यम स्थितींतील कुटुंबें राहतात, त्यांच्या तीन-तीन पिढ्यांच्या आयुष्याचा मोठा भाग कचेरींत गेला आहे. घर बांधतांना आपण स्वयंपाकघर कोणत्या दिशेस असावें ह्याचा काथ्याकूट करतों. जेथें दिवसाचे आठ-दहा तास जावयाचे त्या जागेविषयीं मात्र आपणांस मत असूं शकतें, ही कल्पनाच आपल्या मनास शिवत नाहीं.

कचेऱ्यांच्या रचनेचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. तिच्यांतील बहुतेक चुका एकाच मुळापासून फुटलेल्या असतात. आराखडा काढणारा मनुष्य कचेरीकडे एक तर रस्त्यावरून पाहतो, नाहीं तर वरिष्ठाच्या खुर्चीवरून. तेथें दिवसभर बसणाराच्या जागेवरून तो पाहत नाहीं. ह्या विधानाची सत्यता आपल्याच प्रांतांतील कांहीं उदाहरणांवरून पडताळून पाहूं.

पेशवाईच्या उत्तरकाळीं पुण्याच्या हुजूर दफ्तरांत दोनशेंहून अधिक कारकून काम करीत. ते भुईवर बैठक घालून, समोर गुडघ्याएवढें उतरतें मेज घेऊन लिहीत. ह्या दफ्तराचे दोन मुख्य भाग होते: एक चालतें दफ्तर व दुसरें एकबेरीज दफ्तर. पहिल्यांत रोजच्या व्यवहाराचे कागद चालत. दुसऱ्यांत सर्व खात्यांचे हिशेब जुळवून त्यांची बेरीज-वजाबाकी सिद्ध होई. जिवंत कागद व निकालांत निघालेला कागद ह्यांनीं एकाच बैठकीवर दाटी करूं नये, हें तत्त्व आपल्याकडे नाना फडणिसांच्या काळीं माहीत होतें असें ह्यावरून म्हणण्यास हरकत नाहीं. कागद रुमालांत बांधलेले असत. रुमाल सोडला कीं काम सुरू, बांधला कीं जागा मोकळी. त्या बैठकींत पाठ आंखडत असेल, गुडघे धरत असतील, हें कबूल; परंतु कागद माणसाच्या उरावर बसत नव्हता.

पुढें इंग्रजी अमलांत टेबल-खुर्ची आली व कचेरी ही एक स्वतंत्र इमारत झाली. मुंबईच्या कोटाचे तट सर बार्टल फ्रियर ह्यांच्या कारकीर्दींत पाडल्यानंतर जी भव्य इमारतींची ओळ उभी राहिली, तिच्यांतील जुनें सेक्रेटरिएट विल्किन्स ह्या लष्करी इंजिनिअरानें योजिलें व तें १८७४ सालीं पुरें झालें. त्याची व्हेनिशियन धर्तीची दर्शनी बाजू राज्यकर्त्यांच्या वैभवाचें प्रदर्शन करण्यासाठींच होती, ह्यांत संशय नाहीं. परंतु त्या वैभवांत एक शहाणपण दडलेलें होतें. इमारतीचें तोंड पश्चिमेस, म्हणजे त्या वेळच्या समुद्राकडे. आणि त्या बाजूस कमानींचे सलग व्हरांडे. दुपारचें ऊन व पावसाची झड व्हरांड्यानें अडवावी आणि खारा वारा तेवढा आंत सोडावा, अशी ती योजना. विजेचा पंखा ज्या काळीं नव्हता त्या काळीं ह्या योजनेचा लाभ साहेबास मिळे तसा थोडाबहुत कारकुनासही मिळे.

ह्या जातीच्या इमारतींचें पुढें काय झालें? व्हरांडे भरले. विसाव्या शतकांत कागद वाढला, कारकून वाढले, आणि १९२३ पासून गोदरेजांच्या कारखान्यांतून पोलादी कपाटें निघूं लागलीं. त्या कारखान्यासाठीं पुढें विक्रोळीची विस्तीर्ण जमीन १९४३ सालीं घेण्यांत आली, व अर्ध्या हिंदुस्थानांतील कचेऱ्यांचें सामान घाटकोपर-मुलुंडच्या मधल्या ह्या भागांतून जाऊं लागलें. कपाट ही मोठी उपयुक्त वस्तु. चोर, वाळवी व उंदीर ह्यांपासून तिनें कागद वांचविला. पण कपाट जेथें जागा दिसेल तेथें ठेवलें जातें, आणि जागा दिसते ती खिडकीशीं व व्हरांड्यांत. जुन्या सरकारी कचेरींत ज्याला काम पडलें आहे त्याला तें दृश्य सांगावयास नको: कपाटांच्या भिंती, त्यांवर गठ्ठे, गठ्ठ्यांवर धूळ, आणि भर दुपारीं पेटलेला दिवा. इमारत बांधणारानें आणलेला वारा सामान मांडणारानें बंद केला.

ह्या रोगावर औषध आहे, हें अहमदनगरनें दाखवून दिलें. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तेथें अनिलकुमार लखीना हे जिल्हाधिकारी होते. नवी इमारत मागण्याऐवजीं त्यांनीं पहिल्यानें कागद उपसला. पिढ्यान्‌पिढ्यांचे साठलेले अभिलेख वर्गवार लाविले, ठेवण्याजोगे ठेविले, मुदत संपलेले नष्ट केले. कागद हलला तेव्हां जागा निघाली. जागा निघाली तेव्हां माणसांची बैठक नव्यानें लावतां आली. आणि बैठक लागली तेव्हां अर्ज घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास दहा टेबलें हिंडविण्याऐवजीं एका खिडकीशीं उत्तर देणें शक्य झालें. ‘लखीना पॅटर्न’ ह्या नांवानें ही पद्धत पुढें महाराष्ट्रभर गाजली. तिच्यांतील क्रम विसरूं नये. सामान्यतः आपण आधीं टेबलें विकत घेतों, मग माणसें बसवितों, व शेवटीं कागद कोठें ठेवावा म्हणून डोकें खाजवितों. येथें क्रम नेमका उलटा होता, आणि कचेरींतील सर्वांत परका समजला जाणारा जो बाहेरून आलेला मनुष्य, त्याच्या वाटेचाही विचार त्यांत होता.

दुसरी मोठी चूक भिंतींची. माणसें कोंडावीं कीं मोकळीं बसवावीं, ह्याविषयीं पाश्चात्त्य देशांत लोलक सारखा हलत राहिला आहे. १९५० नंतरच्या दशकांत जर्मनींतील श्नेले बंधूंनीं भिंती काढून टाकून एका विस्तीर्ण दालनांत टेबलांची बागेसारखी मांडणी करण्याची टूम काढली. अमेरिकेंत रॉबर्ट प्रॉप्स्ट ह्यांनीं १९६० नंतरच्या दशकांत हलविता येतील असे आडोसे व टेबलें योजिलीं. कारकुनास हालचालीचें स्वातंत्र्य मिळावें हा त्यांचा हेतु. पण कारखानदारांनीं त्याच आडोशांचे खुराडे केले, आणि उतारवयांत त्या परिणामाचा निषेध खुद्द प्रॉप्स्ट ह्यांनाच करावा लागला. पुढें पुन्हा मोकळ्या दालनाची फॅशन आली. भिंत गेली कीं माणसें परस्परांशीं बोलतील, असें तिचें समर्थन. २०१८ सालीं हार्वर्डच्या बर्नस्टाइन व टर्बन ह्यांनीं दोन मोठ्या कंपन्यांत प्रत्यक्ष मोजदाद केली तेव्हां उलटच आढळलें: भिंती काढल्यावर समोरासमोरचें बोलणें सुमारें ७० टक्क्यांनीं घटलें, आणि लोक शेजारच्याशींही यंत्रावरून पत्रव्यवहार करूं लागले. आपल्या चाळींतून वाढलेल्या मनुष्यास ह्याचें नवल वाटूं नये. जेथें सर्वांचे कान उघडे तेथें खरें बोलणें जिन्यांत होतें.

आपल्याकडे मात्र एक तिसराच प्रकार झाला. मूळ इमारत मोकळी, आणि तिच्यांत मागाहून जमेल तसे लाकडी आडोसे, छताखालीं दुसरें खोटें छत, व त्यांच्या मधून विजेच्या तारांचीं जाळीं. प्रत्येक नव्या अधिकाऱ्याबरोबर एक नवी खोली. १९५५ सालच्या सचिवालयाच्या, म्हणजे आजच्या मंत्रालयाच्या, चौथ्या मजल्यावर २१ जून २०१२ रोजीं आग लागली व ती वरच्या मजल्यांवर पसरली. पांच माणसें दगावलीं आणि असंख्य कागद भस्म झाले. त्या वेळीं जी चर्चा झाली तिच्यांत ह्याच मागाहून केलेल्या भरतीकडे बोट दाखविलें गेलें. आडोसा उभारणाराच्या डोळ्यांपुढें दर्जा असतो. आग लागल्यावर पळणाराची वाट त्याच्या डोळ्यांपुढें नसते.

आतां आपल्या उपनगरांकडे येऊं. १९२८ च्या जानेवारींत बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धांवूं लागली तेव्हांपासून येथील रीत ठरून गेली: रहावयाचें उत्तरेस, लिहावयाचें दक्षिणेस. मुंबईच्या अगदीं टोंकावर सर्व कचेऱ्या गोळा कराव्या आणि लाखों माणसें सकाळीं तिकडे व सायंकाळीं इकडे लोटावीं, ही नगररचनेंतील चूक कोणत्याही टेबल-खुर्चीच्या चुकीहून मोठी. तिचें परिमार्जन हळूहळू सुरू झालें. १९७३ सालीं अंधेरीस सीप्झ निघालें, पुढें वांद्रे-कुर्ला संकुल झालें, अंधेरी-मालाडकडे संगणकाच्या कंपन्या आल्या. कचेरी घराजवळ आली, ह्याचा आनंद आहेच. पण ती येतांना थंड देशांतील कांचेचा अंगरखा घालून आली. ज्या देशांत सूर्य दुर्मिळ तेथें कांच हें वरदान; आपल्या कोंकणपट्टींत ती ऊन आंत घेते, वारा बाहेर ठेवते, आणि मग तें ऊन बाहेर घालविण्यासाठीं अहोरात्र यंत्र चालवावें लागतें. विल्किन्सच्या व्हरांड्यानें जें फुकट केलें तें आपण विजेचें बिल भरून करतों.

प्रश्न केवळ बिलाचा असता तर सोडून दिला असता. १८ जुलै २०१४ रोजीं अंधेरी पश्चिमेच्या लोटस बिझनेस पार्क ह्या कांचेनें मढविलेल्या उंच इमारतींत वरच्या मजल्यांवर आग लागली. बंद कांचेआड धूर कोंडतो, व बाहेरून पाणी मारणाऱ्यासही वाट मिळत नाहीं. त्या दिवशीं अग्निशमन दलाच्या एका जवानास प्राण गमवावे लागले, व त्याच्या सोबत्यांची सुटका मोठ्या प्रयासानें झाली. रस्त्यावरून पाहणाऱ्यास जी भिंत आरशासारखी सुंदर दिसते, ती आंत सांपडलेल्यास काय होते, ह्याचा विचार आराखड्याच्या कागदावरच व्हावयास हवा.

हें सारें शिल्पज्ञांचें काम, आपण त्यांत काय करणार, असें कोणी म्हणेल. परंतु उपनगरांतील आपणांपैकीं किती तरी गृहस्थ व गृहिणी पतपेढीच्या संचालक मंडळावर, शाळेच्या समितीवर, गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीवर असतात, आणि कचेरीच्या नकाशावर मंजुरीची सही त्यांचीच होते. त्यांनीं सही करण्यापूर्वीं चार प्रश्न अवश्य विचारावे. ज्या कागदाची मुदत संपली तो आधीं काढला आहे काय? सर्वांत कोंपऱ्यांतल्या टेबलावर दुपारीं चार वाजतां दिव्यावांचून वाचतां येईल काय? पहिल्यांदाच येणारी एखादी वृद्ध बाई कोणास न विचारतां योग्य खिडकीशीं पोहोंचेल काय? आणि वीज गेली, धूर झाला, तर सर्वांत मागें बसणारा मनुष्य किती पावलांत बाहेर पडेल? हीं उत्तरें दर्शनी चित्रांत सांपडत नाहींत. तीं मिळवावयाचीं तर नकाशावरील सर्वांत लहान टेबलावर बोट ठेवून, तेथून दरवाजापर्यंतची वाट चालून पाहावी लागते. आणि त्या टेबलाशीं उद्यां बहुधा आपलीच मुलगी किंवा आपलाच मुलगा बसणार असतो.